प्रकरण 7 : समीक्षक एक म्हणतात, प्रेक्षक दुसरंच, मग ऐकायचं कोणाचं?

रात्रीची जेवणं आटोपली की घराघरांत एकच चर्चा सुरू होते : आज काय बघायचं? कुणीतरी ओटीटीवर एखादी मालिका शोधतं, दुसरं कुणी फोनवर तिचं रेटिंग काढतं आणि गाडी तिथेच अडते. कारण आकडे दोन दिसतात. समीक्षकांचा 40 टक्क्यांच्या आसपास, प्रेक्षकांचा 90च्या वर. मग विचारलं जातं, ‘समीक्षकांना काही कळतं की नाही? की लोकांनाच काही कळत नाही?’

प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. दोन्ही आकडे एकच गोष्ट मोजतात आणि म्हणून त्यातला एक चुकीचा असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. हे समजून घ्यायला लष्करी ॲक्शन थ्रिलर हा प्रकार फार उपयोगी पडतो, कारण समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातली दरी इथे वारंवार आणि ठळकपणे दिसते. त्यातही मालिका पूर्वकथा सांगणारी, म्हणजे प्रीक्वेल असेल तर प्रतिसादाचं गणित आणखी वेगळं होतं. या प्रकरणात आपण एकच उदाहरण धरून चालणार आहोत : ‘द टर्मिनल लिस्ट’ ही अमेरिकी मालिका आणि तिची पूर्वकथा ‘डार्क वुल्फ’. दोन्हींचं कथानक पुढे उघड होईल, कारण त्याशिवाय मुद्दा सांगता येणार नाही.

1. आधी मूळ मालिका

जॅक कार यांनी सुमारे वीस वर्षं अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या कमांडो दलात काढली. आपल्या नौदलात ‘मार्कोस’ आहेत, तसंच हे दल. निवृत्तीनंतर ते कादंबरीकार झाले आणि 2018 साली त्यांची ‘द टर्मिनल लिस्ट’ ही पहिली कादंबरी आली. तिच्यावरची आठ भागांची मालिका 1 जुलै 2022 रोजी प्राइम व्हिडिओवर एकदम प्रदर्शित झाली. ती साकारली डेव्हिड डिजिलिओ यांनी. नायक जेम्स रीसच्या भूमिकेत ख्रिस प्रॅट होते.

कथा सूडाची आहे. रीसची तुकडी एका मोहिमेत मारली जाते. तो घरी परततो, तर पत्नी आणि लहान मुलगी यांचीही हत्या होते. यामागे कट आहे हे उमगल्यावर तो मुलीने काढलेल्या चित्राच्या मागच्या बाजूला नावं लिहितो आणि एकेक नाव खोडत जातो. या सगळ्यात त्याचा जिवलग मित्र बेन एडवर्ड्स (टेलर किच) त्याच्या पाठीशी उभा असतो. शेवटच्या भागात कळतं की त्या कटात बेनचाही हात होता. रीसच्या यादीतलं शेवटचं नाव त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाचं निघतं.

‘डार्क वुल्फ’ ही याच बेनची आधीची गोष्ट. 27 ऑगस्ट 2025 रोजी तिचे पहिले तीन भाग आले, मग दर आठवड्याला एक, आणि 24 सप्टेंबरला सातवा, अखेरचा भाग. ही कथा कोणत्याही कादंबरीवरून घेतलेली नाही. कार आणि डिजिलिओ यांनी ती मालिकेसाठीच नव्याने रचली.

2. टक्के म्हणजे गुण नव्हेत

समीक्षकांचा जो टक्केवारीतला आकडा सर्वत्र फिरतो, तो बहुतेक वेळा ‘रॉटन टोमॅटोज’ या 1998 साली सुरू झालेल्या संकेतस्थळाचा असतो. तो कसा काढतात हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर फलक लागतो : ‘शाळेचा निकाल 100 टक्के’. याचा अर्थ प्रत्येक मुलाला शंभरपैकी शंभर मिळाले असा कुणीच घेत नाही. सगळी मुलं पास झाली, एवढाच तो अर्थ. रॉटन टोमॅटोजचा आकडाही असाच ‘किती पास’ सांगणारा आहे. प्रत्येक समीक्षणाची नोंद ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ अशी होते आणि शंभरातली किती अनुकूल, ते टक्क्यांत दाखवतात. 60 किंवा अधिक टक्के मिळाले की मालिका ‘ताजी’, नाहीतर ‘नासकी’. प्रेक्षकांच्या आकड्यातही तीच पद्धत. पाचपैकी साडेतीन किंवा अधिक तारे दिले तर मत अनुकूल धरलं जातं.

एक छोटं उदाहरण सोडवून पाहू. ‘अ’ मालिकेला दहा समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी 6 गुण दिले. सगळ्यांचं मत ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’. टक्केवारी झाली 100, सरासरी 6. ‘ब’ मालिकेला सहा जणांनी 9 गुण दिले आणि चौघांना ती अजिबात रुचली नाही, त्यांनी 4 दिले. टक्केवारी झाली 60. आता सरासरी काढा : सहा नव्वे चोपन्न, चार चोक सोळा, एकूण सत्तर, म्हणजे सरासरी 7. टक्क्यांत मागे पडलेली ‘ब’ सरासरीत पुढे आहे.

‘अ’ कुणाला फारशी खटकली नाही आणि कुणाच्या मनातही घर करून राहिली नाही. ‘ब’ने समीक्षकांत दोन तट पाडले. टक्केवारी हा फरक गिळून टाकते. म्हणून ‘मेटाक्रिटिक’सारखी संकेतस्थळं समीक्षणांचं गुणांत रूपांतर करून भारित सरासरी काढतात. भारित म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देऊन. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर चित्र बरंच स्वच्छ दिसतं.

‘द टर्मिनल लिस्ट’च्या पहिल्या सीझनला समीक्षकांकडून मिळालेले चाळीसच्या आसपासचे टक्के म्हणजे दर दहा समीक्षकांतले साधारण चार अनुकूल आणि सहा प्रतिकूल. ते सहा किती नाराज होते, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

3. मत देणारे कोण असतात?

आता प्रेक्षकांच्या आकड्याकडे वळू. तो नव्वदीच्या वर कसा जातो? यासाठी ‘निवड’ ही कल्पना समजून घ्यायला हवी.

समजा, हजार जणांनी एक मालिका सुरू केली. पहिला भाग पाहून चारशे जण उठले. त्यांनी दुसरं काहीतरी लावलं. रेटिंग देत बसण्याइतकं अगत्य त्यांना नव्हतं. सहाशे जणांनी मालिका पूर्ण पाहिली. त्यातल्या शंभरांनी मत नोंदवलं आणि नव्वद जणांनी भरभरून तारे दिले. आकडा झाला 90 टक्के. तो खोटा नाही. पण ज्यांना मालिका आवडणार होती आणि जे शेवटपर्यंत थांबले, त्यांचंच मत तो सांगतो. उठून गेलेले चारशे त्यात मोजलेच गेले नाहीत.

समीक्षकाला उठून जाण्याची मुभा नसते. नेमून दिलेली मालिका त्याला बघावी लागते आणि पुष्कळदा प्रदर्शनाआधी मिळालेल्या मोजक्या भागांवर लिहावं लागतं. सूडकथा न आवडणारा प्रेक्षक सूडकथेकडे फिरकतच नाही; सूडकथा न आवडणाऱ्या समीक्षकाला मात्र तिच्यावर लिहावं लागू शकतं. दोन गटांच्या आवडीत फरक असतोच, पण त्याहून मोठा फरक ते मालिकेपर्यंत कुठल्या वाटेने पोहोचले यात असतो.

पूर्वकथेच्या बाबतीत ही गाळणी दुहेरी होते. ‘डार्क वुल्फ’ लावणारे बरेचसे प्रेक्षक मूळ मालिका आवडलेलेच असणार. समीक्षकांचंही थोडंफार तसंच होतं. मालिकेच्या पुढच्या सीझनवर आणि शाखाकथांवर एरवी कमी समीक्षणं लिहिली जातात, आणि ज्यांना पहिली असह्य झाली होती ते दुसरीच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणून पूर्वकथेचे टक्के मूळ मालिकेपेक्षा चढले, तर त्यातला काही वाटा गुणवत्तेचा असतो आणि काही या गाळणीचा.

4. एकच दृश्य, दोन नजरा

लष्करी थ्रिलरला आणखी एक गोष्ट लागू पडते, जी कौटुंबिक मालिकेला पडत नाही. इथे ‘खरं वाटणं’ याचे दोन अर्थ होतात.

कमांडो एका अंधाऱ्या घरात शिरतात, असं दृश्य डोळ्यासमोर आणा. लष्करात नोकरी केलेला माणूस काय बघतो? दारातून पहिला आत गेला आणि डावीकडे वळला, तर दुसरा उजवीकडे वळला का? मागचा जवान तयार आहे हे पुढच्याला खांद्यावरच्या थापेने कळलं का? नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर आहे का? चालताना बंदुकीचं तोंड चुकूनही सोबत्याकडे वळलं का? गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायला लागणारे ते दोन क्षण दाखवले आहेत की नायकाच्या बंदुकीत गोळ्या कधी संपतच नाहीत? हे सगळं नीट असेल तर तो मनातल्या मनात म्हणतो, ‘यांनी मेहनत घेतली आहे.’

समीक्षक त्याच दृश्यात दुसरं शोधतो. आत कोण आहे? ज्याला गोळी लागली तो माणूस म्हणून कधी आपल्यासमोर आला होता का? या हिंसेची किंमत कुणी मोजतं आहे का, की कथा तिला फक्त शाबासकी देते? पात्रं बोलतात ती माणसांसारखी की घोषणांसारखी?

‘द टर्मिनल लिस्ट’ने पहिल्या कसोटीसाठी मुद्दाम तयारी केली होती. नेव्ही सीलमधून निवृत्त झालेले जॅरेड शॉ हे प्रॅट यांचे मित्र. 2012च्या ‘झीरो डार्क थर्टी’ या चित्रपटाच्या वेळी त्यांची ओळख झाली. शॉ या मालिकेच्या निर्मितीत होते आणि त्यांनी स्वतः भूमिकाही केली. 2022मध्ये समीक्षणं प्रतिकूल आली तेव्हा जॅक कार यांनी एका मुलाखतीत आपली बाजू स्पष्ट केली. मालिका समीक्षकांसाठी केलेली नाही. इराक आणि अफगाणिस्तानात जाऊन आलेल्या सैनिकाला घरी सोफ्यावर बसून ती पाहताना आपलं काम कुणीतरी मनापासून दाखवलं आहे असं वाटावं, यासाठी ती केली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हे म्हणणं मला आदराने ऐकावंसं वाटतं. वीस वर्षांच्या युद्धातून परतलेल्या माणसांना पडद्यावर स्वतःचे बारकावे अचूक दिसावेत, ही अपेक्षा लहान नाही. पण त्याचबरोबर समीक्षकांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. बंदूक धरण्याची पद्धत अचूक असली म्हणून सूडाचा विचार अचूक ठरत नाही. पहिल्या सीझनबद्दलच्या अनेक तक्रारी याच बाजूने होत्या : कथा गरजेपेक्षा लांबली आहे, सतत उदास आणि अंधारी आहे, आणि नायकाच्या क्रौर्याला ती फार सहज न्याय म्हणते. सैनिकांची दाद आणि समीक्षकांची नापसंती या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

5. मिनिटांचा हिशोब

तिसरा आकडा असतो पाहिल्या गेलेल्या मिनिटांचा. अमेरिकेत नील्सन ही कंपनी दर आठवड्याला ओटीटीवरच्या कार्यक्रमांची अशी यादी देते. जुलै 2022मध्ये ‘द टर्मिनल लिस्ट’ने एका आठवड्यात सुमारे 1.6 अब्ज, म्हणजे 160 कोटी मिनिटं गाठली आणि प्रॅट यांनी तो आकडा समाजमाध्यमावर अभिमानाने मांडला.

160 कोटी ऐकून छाती दडपते, पण भागाकार करून पाहा. आठ भाग मिळून साधारण साडेसात तास, म्हणजे 450 मिनिटं धरू. 160 कोटींना 450ने भागलं की उत्तर येतं सुमारे साडेपस्तीस लाख. याचा अर्थ साडेपस्तीस लाख वेळा पूर्ण मालिका पाहिली जावी, इतका तो वेळ आहे. हाच आकडा एकाहत्तर लाख लोकांनी अर्धीच मालिका पाहून सोडली तरीही येईल. मिनिटं लोक किती वेळ बसले हे सांगतात, खूश होऊन बसले की नाही हे सांगत नाहीत.

तरीही मंचाच्या दृष्टीने हा आकडा मोलाचा. 2023च्या सुरुवातीला मूळ मालिकेचा दुसरा सीझन आणि बेन एडवर्ड्सची पूर्वकथा, दोन्ही जाहीर झाल्या. समीक्षकांचे टक्के त्या निर्णयाच्या आड आले नाहीत, हे उघड आहे.

6. शेवट ठाऊक असताना उत्कंठा येते कुठून?

आता पूर्वकथेच्या गाभ्याकडे येऊ. थ्रिलर चालतो तो ‘पुढे काय होईल’ या प्रश्नावर. पूर्वकथेत तो प्रश्नच लंगडा असतो. ‘डार्क वुल्फ’मध्ये बेनवर कितीही गोळ्या झाडल्या, तरी तो मरणार नाही हे आपल्याला माहीत असतं. रीसही जगणार. मग धाकधूक कशाची वाटायची?

मराठी वाचकाला याचं उत्तर अनुभवाने माहीत आहे. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ हाती घेणाऱ्याला 14 जानेवारी 1761 रोजी काय घडलं हे आधीच ठाऊक असतं. तरीही कादंबरी खाली ठेववत नाही. कारण ‘काय’ कळलेलं असलं की मन ‘कसं’ आणि ‘का’ याकडे वळतं. प्रत्येक चुकीचा निर्णय जास्त टोचतो, कारण तो कुठे नेणार आहे ते आपण जाणतो.

ज्या पूर्वकथांनी समीक्षकांना जिंकलं, त्यांनी हेच साधलं. ‘बेटर कॉल सॉल’ (2015 ते 2022) ही ‘ब्रेकिंग बॅड’ची पूर्वकथा, तिच्या नायकाचं पुढे काय होणार हे पहिल्याच दिवशी माहीत होतं. ‘अँडॉर’चा नायक ‘रोग वन’ या 2016च्या चित्रपटात मरतो, हे माहीत असूनही 2022पासूनची ती मालिका समीक्षकांनी उचलून धरली. आपल्याकडे 2021मध्ये ‘स्पेशल ऑप्स’ची पूर्वकथा चार भागांत आली, तेव्हाही के. के. मेनन यांचा हिम्मत सिंग जगणार याबद्दल शंका नव्हती. कुतूहल होतं ते तो असा का घडला याचं.

म्हणून पूर्वकथेला समीक्षक एक खास प्रश्न विचारतात : ही पाहिल्यावर मूळ गोष्टीचा शेवट बदललेला वाटतो का? घटना तीच राहते, पण तिचं वजन वाढलं पाहिजे. नाहीतर पूर्वकथा म्हणजे नावाच्या पुण्याईवर उभी केलेली जादा मालिका.

7. ‘डार्क वुल्फ’ला काय मिळालं?

‘डार्क वुल्फ’ची सुरुवात इराकमध्ये होते. बेन आदेश डावलून एका माणसाला गोळी घालतो आणि त्याची नौदलातली कारकीर्द तिथेच संपते. त्याच्याबरोबर सहकारी रेफ हेस्टिंग्जही (टॉम हॉपर) बाहेर पडतो. मग दोघं सीआयएच्या गुप्त कामात ओढले जातात आणि कथा युरोपातल्या शहरांत शिरते. चित्रीकरणाचा मुख्य मुक्काम बुडापेस्टमध्ये होता. इराणच्या अणुकार्यक्रमासाठी लागणाऱ्या यंत्रभागांभोवती डाव-प्रतिडाव रंगतात. कोण कुणाचा माणूस, हा प्रश्न सतत डोकं वर काढतो.

समीक्षकांचा सूर पहिल्या मालिकेच्या तुलनेत बराच मवाळ होता. दाद मिळाली ती वेगाला, मारामारीच्या स्वच्छ चित्रणाला, युरोपातल्या हेरकथेच्या वातावरणाला आणि विशेषतः टेलर किच यांना. तक्रारी राहिल्या त्या ओळखीच्या : बंधुत्व आणि कर्तव्य यांवरची जड भाषणं, साचेबद्ध वळणं, आणि नायकांच्या मानाने उथळ राहिलेली बाकीची पात्रं.

बदलाचं एक कारण आपण पाहिलं : दुहेरी गाळणी. दुसरं कारण कथेच्या रचनेत आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रीसच्या गोष्टीत नायकाचा राग कथेने आधीच न्याय्य ठरवलेला असतो; बायको आणि मुलगी गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? बेनच्या गोष्टीत तशी सोय नाही. त्याची पहिली गोळी समजण्यासारखी आहे, तरीही नियमाबाहेरची आहे. आणि हा माणूस पुढे जिवलग मित्राला दगा देणार, हे आपण विसरू शकत नाही. त्यामुळे त्याचं प्रत्येक ‘मी योग्यच केलं’ आपल्याला अस्वस्थ करतं. जो प्रश्न पहिल्या मालिकेत समीक्षकांना बाहेरून विचारावा लागला होता, तो इथे कथेच्या आतच उभा राहतो. मालिका त्याला पूर्ण न्याय देते का, यावर मतभेद होते. पण वाद घालण्याजोगं काहीतरी त्यात होतं.

8. मग समीक्षण वाचायचं कसं?

वरच्या सगळ्यातून चार सवयी हाती लागतात.

पहिली, टक्के दिसले की सरासरीही बघा. टक्क्यांच्या मानाने सरासरी चढी असेल तर मतं दुभंगलेली असू शकतात, आणि दुभंगलेल्या मतांची मालिका बहुधा चाखून पाहण्याजोगी असते.

दुसरी, मत देणारा कोण आणि त्याने किती भाग पाहिले, हे तपासा. तीन भागांवरचं समीक्षण सातव्या भागाबद्दल काही सांगू शकत नाही, आणि पूर्वकथेचं खरं वजन शेवटच्या भागातच कळतं.

तिसरी, अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन समीक्षणं पूर्ण वाचा आणि दोघांनी एकच वर्णन केलं आहे का ते बघा. एकाला जे ‘संथ’ वाटलं तेच दुसऱ्याला ‘सावकाश उलगडणारं’ वाटलं असेल, तर मालिका कशी आहे ते तुम्हाला कळलं. आता ती तुमच्या पसंतीची आहे की नाही, हे तुम्हीच ठरवू शकता.

चौथी, पूर्वकथा असेल तर समीक्षकाने ‘शेवटाचं वजन वाढलं का’ या प्रश्नाला हात घातला आहे का, ते पाहा. नसेल घातला, तर त्याने मारामारीचं समीक्षण लिहिलं आहे, पूर्वकथेचं नव्हे.

समीक्षक आपल्या वतीने निकाल देत नाही आणि प्रेक्षकांचा कौलही आपल्याला बांधील करत नाही. समीक्षकाचं काम आहे स्वतःच्या मताची कारणं उघड मांडणं, म्हणजे आपल्याला त्यांच्याशी सहमत होता येतं किंवा भांडता येतं. आकड्याशी भांडता येत नाही, कारणांशी येतं. म्हणून पुढच्या वेळी रेटिंग बघाल, तेव्हा त्याखालची दोन समीक्षणंही वाचा, मालिका पाहा, आणि घरच्यांना नुसतं ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ न सांगता का ते सांगा. कारण देऊन बोलणारे प्रेक्षक वाढले, तर समीक्षकांना जास्त नेमकं लिहावं लागेल आणि मालिका करणाऱ्यांना जास्त जपून लिहावं लागेल.